शोध त्यांचा, अतिक्रमण आपलं?



वास्को द गामा नावाचा पोर्तुगीज कप्तान केरळच्या किनाऱ्याला लागला त्याला १९९८ च्या मे महिन्यात ५०० वर्षं झाली. तिकडं पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, समुद्राच्या नावानं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. इकडं गोव्यात-केरळात निषेधाच्या सभा झाल्या. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तेव्हाही तेच वाक्य होतं : वास्को द गामाने भारताचा शोध लावला. जरा शहाणं पुस्तक असलं तर “भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा शोध लावला”.

काही साथी विचारतील, अरे बाबा, पिशोरच्या आदिवासीला त्या गामाचं काय? इथं पेरणी तोंडावर आलीय, तलाठी नोंद घ्यायला तयार नाही, फॉरेस्टवाला नांगर जप्त करायची धमकी देतोय, आणि तू कुठं समुद्रात चाललास?

माझं म्हणणं असं आहे की तलाठ्याच्या वहीत आपल्या नावापुढं जो “अतिक्रमणधारक” शब्द लिहिलाय ना, तो शब्द त्याच जहाजातून उतरलेला आहे. ज्यांनी आधी “शोध” लिहिला, त्यांनीच पुढं “अतिक्रमण” लिहिलं. कागद एकच आहे. पहिली ओळ त्यांच्या नावाची, शेवटची ओळ आपल्या नावाची. मधल्या ओळी आपण वाचल्या पाहिजेत, म्हणून हा लेख.

शोध म्हणजे काय?

हरवलेल्या वस्तूचा शोध लागतो. हा देश हरवला होता का? आपल्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका खांबावर पैठणच्या एका अत्तरवाल्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. त्याच काळाच्या आसपास एका ग्रीक माणसानं लिहून ठेवलंय की पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांत भरून भडोच बंदराला जातो आणि तिथून जहाजानं पश्चिमेला जातो. म्हणजे गामाच्या आधी दीड हजार वर्षं मराठवाड्याचा माल समुद्रापार जात होता. शोध कुणाचा लागला मग?

बरं, गामाला वाट तरी कुणी दाखवली? तो ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघाला, आफ्रिकेला वळसा घालून मालिंदी बंदराला आला. तिथून पुढचा समुद्र त्याला ठाऊक नव्हता. तिथल्या राजानं त्याला एक वाटाड्या दिला. त्या वाटाड्यानं वाऱ्याचा हंगाम बघून जहाजं बरोब्बर कालिकतजवळ आणून लावली. ज्याला वाट ठाऊक होती त्याचं नाव पुस्तकात नाही, आणि ज्याला वाट दाखवली त्याचं नाव पोरं पाठ करतात. डोंगरात साहेब येतो, आपला म्हातारा त्याला पायवाटेनं वर नेतो, आणि नकाशावर नाव साहेबाचं पडतं. तसंच हे.

कालिकतच्या राजाला, सामुरीला, गामानं भेट काय आणली? कापडाचे काही तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची घंगाळी, साखर, तेल आणि मध. दरबारातली माणसं हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं तोंडावर म्हणाली. हे त्याच्याच बरोबरच्या माणसानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढं जकात मागितली तर जकात न भरता, उलट इथली काही माणसं पकडून तो निघून गेला. परतेपर्यंत त्याची निम्म्याहून जास्त माणसं वाटेत मेली. दरिद्री मालाचा, जकात बुडवणारा, वाटाड्याच्या जिवावर आलेला हा पाहुणा! दुसऱ्यांदा १५०२ ला आला तेव्हा तोफा घेऊन आला. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्यानं माणसांसकट जाळलं. त्यात बाया होत्या, लेकरं होती. हा “शोध”.

आधी कागद, मग तोफ

आता कागदाची गोष्ट नीट ध्यानात घ्या. गामाच्या आधी सहा वर्षं, १२ ऑक्टोबर १४९२ ला, कोलंबस अमेरिकेच्या बेटावर उतरला. त्याला वाटलं हिंदुस्थान आला, म्हणून तिथल्या आदिवासींना त्यानं “इंडियन” म्हटलं. चूक त्याची, नाव त्यांना चिकटलं. दोन वर्षांनी, ७ जून १४९४ ला, स्पेनच्या आणि पोर्तुगालच्या राजांचे वकील तोर्देसिलास नावाच्या गावी बसले आणि त्यांनी समुद्रात एक रेघ मारली. रेघेच्या पश्चिमेचं जग स्पेनचं, पूर्वेचं पोर्तुगालचं. रोमच्या पोपनं त्याच्या आदल्या साली असाच हुकूम काढला होता. रेघेच्या दोन्ही बाजूला कोट्यवधी माणसं राहात होती, शेती करत होती, देव पूजत होती. त्यांना विचारलं का? त्यांना कळवलंसुद्धा नाही.

साथींनो, ही रेघ ओळखीची वाटते का? हीच रेघ कचेरीत बसून आपल्या डोंगरावर मारली आहे. इकडची बाजू रेव्हेन्यू, तिकडची फॉरेस्ट. मध्ये आपलं झोपडं, आपला म्हसोबा, आपल्या आज्याची माती.

अमेरिकेत पुढं काय झालं? स्पेनवाल्यांनी गावंच्या गावं सरदारांना वाटून दिली, जमीन आणि माणसं दोन्ही. सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीसारखे युरोपातून आलेले रोग, यांनी काही पिढ्यांत बेटंच्या बेटं ओस पडली. पोतोसीच्या डोंगरात १५४५ ला चांदी सापडली. तिथल्या आदिवासींना पाळीपाळीनं वेठबिगारीला खाणीत उतरवलं. ती चांदी युरोपात गेली, आणि तीच चांदी घेऊन युरोपचे व्यापारी आपल्याकडं कापड, मसाले, नीळ घ्यायला आले. कारण त्यांच्याकडं विकण्यासारखं दुसरं फारसं नव्हतं. अमेरिकेत मजूर कमी पडले म्हणून आफ्रिकेतून एक कोटीहून जास्त माणसं साखळदंडात भरून समुद्रापार नेली. जगाचा व्यापार वाढला म्हणतात. वाढलाच. पण कुणाच्या पाठीवर वाढला ते पुस्तकात लिहीत नाहीत.

आपण ज्या मक्याच्या भाकरी खातो, जी मिरची पाट्यावर वाटतो, तो बटाटा, तो भुईमूग, ती तंबाखू, हे सगळं अमेरिकेतल्या आदिवासींनी हजारो वर्षं राबून तयार केलेलं बियाणं आहे. जहाजानं ते इकडं आलं. बियाणं घेतलं, बियाणं करणारा मारला. मका पेरताना एवढं आठवू द्या.

समुद्राचा पास, जंगलाचा पास

गामाच्या आधी अरबी समुद्र कुणा एकाचा नव्हता. अरब, गुजराती, मलबारी, आफ्रिकेतले, चीनचे, सगळे आपापला माल घेऊन फिरत. बंदरात जकात द्यायची, समुद्र मोकळा. पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं आणि नियम काढला : आमचा परवाना, म्हणजे “कार्ताझ”, असल्याशिवाय कुणाचं जहाज चालणार नाही. परवाना नसला तर माल जप्त, जहाज जप्त, माणसं कैद. अकबर बादशहाच्या घरच्या बाया हजला निघाल्या, तर त्यांनाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागला!

म्हणजे जे सगळ्यांचं होतं ते आधी आपलं म्हणायचं, मग त्याचाच परवाना विकायचा, आणि विनापरवाना जो आपल्या बापजाद्यांच्या वाटेनं जाईल त्याला चोर ठरवायचं. आज डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईला “पास कुठंय?” विचारतात. तो प्रश्न पहिल्यांदा समुद्रात विचारला गेला होता.

पोर्तुगीजांच्या मागं डच आले, इंग्रज आले. राणीनं ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. डचांची कंपनी १६०२ ची. डचांना जायफळाचा मक्ता पाहिजे होता, म्हणून त्यांनी १६२१ ला बांदा बेटांवरची बहुतेक सगळी माणसं मारली, हाकलली नाहीतर गुलाम केली आणि तिथं मळे लावले. आपण जायफळ पुरणपोळीत घालतो, त्या जायफळाचा हा इतिहास आहे. मुंबई तर पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदणात दिली, १६६१ ला. इंग्लंडच्या राजानं ती १६६८ ला कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिली. मुंबईच्या कोळ्यांना, आगऱ्यांना कुणी विचारलं? आंदणात भांडी द्यावीत तसं बेट दिलं, माणसांसकट.

औट्रम घाट

आता आपल्या डोंगराकडं या. कन्नडहून चाळीसगावकडं, पुढं धुळ्याला जाणारा रस्ता ज्या घाटानं उतरतो त्याला औट्रम घाट म्हणतात. अभयारण्याच्या पाटीवरसुद्धा “गौताळा-औट्रमघाट” असं आहे. हा औट्रम कोण, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जेम्स औट्रम हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाली आणि १८१८ ला खानदेश कंपनीकडं आला. डोंगरातला भिल्ल कंपनीला नमला नाही. सातमाळा, अजिंठ्याचे डोंगर, सातपुडा, सगळीकडं लढत राहिला. नुसत्या गोळीनं जमत नाही म्हटल्यावर कंपनीनं १८२५ पासून दुसरी चाल केली. भिल्ल एजन्सी काढली, थोडी तगाई, थोडी जमीन, आणि धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. ती उभी करणारा हा औट्रम. भिल्लाच्या हातात बंदूक देऊन भिल्लावर राखण करायला लावायची, ही त्याची युक्ती. तरीसुद्धा १८५७-५८ ला खाज्या नाईक आणि त्याचे साथी उठले. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला त्यांनी इंग्रजांच्या फौजेशी लढाई दिली.

घाट किती जुना? जनावरं, माणसं, माल ही वाट शेकडो वर्षं तुडवत आलेत. नाव मात्र औट्रमचं! कालिकतला जे झालं तेच आपल्या घाटात झालं. आणि स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तरी खाज्या नाईकाच्या नावाची एक पाटी या रस्त्याला नव्हती.

लाकूड कुठं गेलं?

आपल्याला म्हणतात, आदिवासींनी जंगल तोडलं. हिशोब बघू.

इंग्लंडच्या आरमाराला जहाजं लागायची. त्यांचं ओक संपत आलं तेव्हा नजर आपल्या सागावर पडली. १८०६ ला मलबारच्या जंगलावर कंपनीनं वॉटसन नावाचा कप्तान अधिकारी नेमला, साग ताब्यात घ्यायला. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली इंग्लंडच्या आरमारासाठी सागवानी लढाऊ जहाजं बांधली गेली. त्यातल्याच “कॉर्नवॉलिस” नावाच्या जहाजावर १८४२ ला चीनला हरवून तह लिहून घेतला, अफूच्या लढाईनंतर. आपला साग, चीनचा पराभव, नफा लंडनचा. याला जागतिक व्यापार म्हणतात.

मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी निघाली. पुढं रुळाखाली लाकडाचे स्लीपर, इंजिनाला लाकूड. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस पाहिजे झाला. कापूस न्यायला रेल्वे, रेल्वेला लाकूड. जंगल झपाट्यानं तुटलं. आणि तुटल्यावर सरकारला जंगल “वाचवायची” आठवण झाली! १८६४ ला जंगल खातं, १८६५ ला पहिला कायदा, १८७८ ला कडक कायदा, आणि १९२७ चा कायदा जो आज तुमच्या-माझ्या डोक्यावर आहे.

१८७८ च्या वेळी बेडन-पॉवेल नावाचा साहेब म्हणाला, गाववाल्यांनी जंगल पिढ्यान्‌पिढ्या वापरलं तरी तो हक्क नाही, ती सरकारनं दिलेली सवलत आहे. हक्क काढून घ्यायला पैसे मोजावे लागतात, सवलत फुकटात बंद करता येते. एका शब्दात सगळा डोंगर गेला. आणि कायद्यात लिहिलं की जंगल राखीव करायची जाहीर नोटीस निघाली की निदान तीन महिन्यांची मुदत, तेवढ्यात दावा सांगा, नाही सांगितला तर हक्क संपला. ज्या माणसाला वाचता येत नाही, कचेरी कुठल्या दिशेला ते ठाऊक नाही, त्याला तीन महिने! जोतीराव फुल्यांनी १८८३ ला “शेतकऱ्याचा असूड” लिहिला, त्यात या जंगल खात्यानं डोंगर, दऱ्या, गायरानं कशी गिळली ते सांगून ठेवलंय. म्हणजे तक्रार आजची नाही.

आपला भाग तेव्हा निजामाकडं होता, इंग्रजाकडं नव्हता, असं कुणी म्हणेल. पण निजामाचं जंगल खातंही इंग्रजांच्याच नमुन्यावर चाललं. आणि आज १९२७ चाच कायदा डोंगराच्या दोन्ही बाजूला लागू आहे.

त्यांची उत्तरं, आपली उत्तरं

कुणी म्हणतं, इंग्रज आले म्हणून रेल्वे आली, शाळा आली, कायदा आला. शाळा आली हे खरंच. पण रेल्वे आपल्याला गावी पोचवायला आली नव्हती, कापूस बंदराला पोचवायला आली होती. आणि चांगल्या गोष्टीसाठी जमीन घालवावी लागते हा कुठला नियम?

कुणी म्हणतं, त्याच्या आधी काय रामराज्य होतं? पाटील-देशमुख, सावकार, राजे यांनी भिल्लांना कधी जवळ केलं? बरोबर आहे. नव्हतं रामराज्य. गाववाला आपल्याला वेशीबाहेरच ठेवत होता, आजही ठेवतो. पण डोंगरच कागदावरून पुसून टाकायचा आणि त्यावर राहणाऱ्याला त्याच्याच जागेत चोर ठरवायचा, हे कंपनी सरकारचं काम. तो कागद हातात आल्यावर गावच्या बड्यांनाही सोपं झालं.

आणि सगळ्यात जास्त सांभाळायचं ते यांना : जे आज मोठ्यानं ओरडतात की गामाचा निषेध असो. चांगलं आहे, असो. पण साहेब, गामाचा पुतळा जाळून झाल्यावर १९२७ चा कायदा जाळायला येता का? इंग्रजांनी ठेवलेली शहरांची, रस्त्यांची नावं बदलायला तुमच्याकडं पैसे आहेत. इंग्रजांनी ठेवलेलं “अतिक्रमणधारक” हे आमचं नाव कधी बदलता? परदेशी माणसाचा राग आणि परदेशी माणसाच्या कायद्यावर प्रेम, हे कसलं स्वदेशी? गोरा गेला, त्याची खुर्ची तशीच आहे, त्यावर आपल्यातलाच माणूस बसलाय आणि तोच प्रश्न विचारतोय : पास कुठंय?

१९८६ ला गौताळ्याचं अभयारण्य झालं. आपण जनावरांच्या विरोधात नाही. बिबट्या, मोर, नीलगाय यांच्याशी आपलं नातं शहरातून गाडीनं बघायला येणाऱ्यापेक्षा जुनं आहे. पण डोंगर वाचवायचा म्हणजे आधी डोंगरातला माणूस हटवायचा, हा विचार कुठून आला ते आता कळलं असेल.

मोकळी जमीन कुठंच नसते

एक बातमी मात्र चांगली आहे. ऑस्ट्रेलियात कूक नावाचा कप्तान १७७० ला उतरला. इंग्रजांनी ठरवलं, ही जमीन कुणाचीच नाही, मोकळी आहे. तिथं हजारो वर्षं राहणारे आदिवासी त्यांनी धरलेच नाहीत. दोनशे वर्षं हाच कायदा चालला. मग एडी माबो नावाच्या एका बेटावरच्या आदिवासी माणसानं आणि त्याच्या साथींनी कोर्टात सांगितलं, ही जमीन आमची, आमच्या बागा, आमच्या बांधाच्या खुणा बघा. दहा वर्षं केस चालली. ३ जून १९९२ ला तिथल्या सर्वात मोठ्या कोर्टानं मान्य केलं की जमीन मोकळी नव्हती, आदिवासींचा हक्क आधीचा आहे. माबो त्याच्या काही महिने आधी वारला होता. पण कागद बदलला. म्हणजे कागद बदलतो, साथींनो. दोनशे वर्षांचा असला तरी बदलतो.

आपल्याकडं “सरकारी पडीक”, “गायरान”, “फॉरेस्ट” म्हणतात ते याच “मोकळ्या जमिनी”चं मराठी आहे. त्याला आपलं उत्तर पुराव्यानं द्यायचं.

सरकारनंच १९९१ ला ठराव काढला होता : १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची जमीन नियमित करा. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख आहे, विसरणार नाही. आपल्या आदिवासीची खातेजमीन बिगर-आदिवासीनं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये घेतली असेल तर ती परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. हे मागूनच मिळेल, घरी येणार नाही.

म्हणून प्रत्येकानं एवढं करावं. दंडाची पावती फेकू नका. फॉरेस्टनं, तलाठ्यानं दंड केला म्हणजे तुम्ही तिथं होता याची त्यांनीच सही करून दिली. तलाठ्याच्या १-ई च्या रजिस्टरला नाव आहे का ते बघा, नक्कल मागा, तोंडी उत्तर घेऊ नका. पंचनामा झाला तर त्याची प्रत मागा. न वाचता अंगठा देऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून कुठली विहीर कुणी खणली, कुठला बांध कुणी घातला, कुठल्या दगडाला कधीपासून नारळ फुटतो, हे लिहून घ्या. शिकलेल्या पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावं. गामाच्या बरोबरच्या माणसानं रोजनिशी लिहिली म्हणून त्यांचा इतिहास झाला. आपला आपण लिहिला नाही तर पुन्हा तेच लिहितील.

आणि शाळेत मास्तर जेव्हा विचारतील, भारताचा शोध कुणी लावला, तेव्हा आपल्या पोरानं उभं राहून विचारावं : गुरुजी, हरवला कधी होता?

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं जंगल!
अतिक्रमण आमचं नाही, अतिक्रमण आमच्यावर आहे!
जिंदाबाद!